चप्पल तीन हजारांची, कर दीड हजाराचा : परदेशी गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर काय द्यायचं?

कापशी (ता. कागल), प्रतिनिधी :

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. सोयाबीनच्या रानातनं घरी आलो, तर दारात गल्लीतला एक पोरगा मोबाईल हातात धरून उभा. घरचा धंदा कोल्हापुरी चपलांचा, आजोबांपासून चालत आलेला. बाप आणि चुलते चामडं कापतात, घरातल्या बायका वेणी विणतात आणि हा बारावी झाल्यापासून ऑनलाइन विक्री बघतो.

"काका, जरा हे वाचा की. बाई लईच चिडल्यात."

अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या एका मराठी बाईंचा मेसेज होता. चपलेचे ३,२०० रुपये आणि पाठवणीचा खर्च त्यांनी आधीच भरला होता. पार्सल पोचायच्या आदल्या दिवशी कुरिअर कंपनीनं त्यांच्याकडं आणखी पस्तीस डॉलर मागितले. रुपयात धरले तर चपलेच्या किमतीएवढेच. बाईंनी लिहिलं होतं, "पैसे घेताना हे का सांगितलं नाही? ही फसवणूक आहे."

पोरगं म्हणालं, "मी एक रुपया जास्त घेतला नाही हो. कर त्यांच्या सरकारनं लावलाय. मी काय करू?"

दोघंही खरं बोलत होते. पण नुकसान व्हायचं ते झालंच. बाईंनी पार्सल नाकारलं. माल परत मागवायचा तर कुरिअरचा परतीचा खर्च चपलेपेक्षा जास्त, म्हणून तो तिकडंच सोडून द्यावा लागला. बाईंचे पैसे परत केले. चप्पल गेली, पाठवणी गेली, वर दुकानाला एकच तारा मिळाला. घाबरून पोरानं परदेशातल्या ऑर्डरी घेणं बंद केलं आणि घरात वेणी विणणाऱ्या बायकांचे हात महिनाभर रिकामे राहिले.

असे प्रकार आता एका घरापुरते राहिलेले नाहीत. चप्पल असो, काजू असो, साडी असो की मसाला, तालुक्यातनं थेट परदेशात माल पाठवणारी तरुण पोरं वाढलीत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा विषय नीट मांडायचा प्रयत्न करतो.

तक्रार कराची नाही, न सांगण्याची

आपण शेतकरी माणसं. गूळ किंवा भाजी मार्केटला घातली की नंतर पट्टी हातात येते. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा होऊन उरलेला आकडा बघितला की डोकं फिरतं. हमाल फुकट काम करणार नाही हे आपल्यालाही कळतं. राग येतो तो कपात नंतर कळते म्हणून. आधी कुणी सांगितलं असतं तर आपण माल घालायचा की नाही ते ठरवलं असतं.

परदेशातल्या गिऱ्हाइकाचं अगदी तसंच आहे. त्यानं मोबाईलवर किंमत बघितली, पाठवणी बघितली, पैसे भरले. त्याच्या दृष्टीनं व्यवहार पुरा झाला. नंतर दारात आलेला माणूस पैसे मागतो तेव्हा त्याला तो कर वाटत नाही, फसवणूक वाटते. आणि राग निघतो तो ज्याचं नाव त्याला माहीत आहे त्याच्यावर. म्हणजे विकणाऱ्यावर.

म्हणून "कर तुमच्या सरकारचा आहे, आमचा संबंध नाही" हे उत्तर कायद्यानं खरं असलं तरी धंद्याला मारक आहे. कर कोण भरणार, किती भरणार आणि कधी भरणार, या तीन गोष्टी पैसे घ्यायच्या आधी सांगणं हे विकणाऱ्याचंच काम आहे.

ऑगस्टपासून बदललं काय?

अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरच्या आतलं पार्सल जकात न भरता आत जायचं. आपल्याकडच्या चपला, साड्या, दागिने हे सगळं त्या सवलतीत बसायचं. त्यामुळं विकणाऱ्याला कराचा विचारच करावा लागत नव्हता आणि गिऱ्हाइकालाही तीच सवय लागली होती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तीन गोष्टी पाठोपाठ झाल्या. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के जादा आयात कर लागला. २७ ऑगस्टला, बरोबर गणेश चतुर्थीच्या दिवशी, आणखी २५ टक्के लागून तो ५० झाला. आणि २९ ऑगस्टला ८०० डॉलरची सवलतच सगळ्या देशांसाठी बंद झाली.

गोंधळ इतका झाला की टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेच्या बहुतेक पार्सलांचं आणि महिनाअखेरीस सगळ्याच टपालाचं बुकिंग थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आल्यावर. मधल्या दीड महिन्यात ज्यांनी खाजगी कुरिअरनं माल पाठवला, त्यांच्या गिऱ्हाइकांना दारात बिलं आली. न्यू जर्सीच्या बाई त्यातल्याच.

त्या पस्तीस डॉलरची फोड करून बघितली, तर निम्मा भाग सरकारी कर होता. उरलेला निम्मा कुरिअरवाल्यानं कागदपत्रं करण्यासाठी आणि कर आधी भरल्याबद्दल लावलेला आकार होता. लहान पार्सलात हा आकारच जास्त झोंबतो. पंचवीस हजारांच्या मालावर तो जाणवत नाही, तीन हजारांच्या चपलेवर जाणवतो.

पैसे इथं भरायचे की तिथं?

माल पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत कर गिऱ्हाईक तिथं भरतो. दुसरीत कर पाठवणारा आधीच भरतो आणि पार्सल गिऱ्हाइकाच्या दारात मोकळं पोचतं. या दुसऱ्या पद्धतीला व्यापारी भाषेत 'डीडीपी' म्हणतात.

ऑक्टोबरपासून टपाल खात्यानं अमेरिकेसाठी ही डीडीपी पद्धतच आणली आहे. पोस्टात बुकिंग करतानाच कर भरायचा. २०२५ मध्ये टपालानं जाणाऱ्या भारतीय मालावर सरसकट ५० टक्के दर लागायचा, त्यावर वस्तूनुसार वेगळी जकात नव्हती. या सोयीसाठी खातं जादा आकारही घेत नाही. कुरिअरनं गेलेल्या मालावर मात्र वस्तूची मूळ जकात आणि कंपनीचा आकार वेगळा लागू शकतो. त्यामुळं कमी किमतीच्या पार्सलाला तेव्हा पोस्ट बरं पडायचं.

हिशोब करून बघू. समजा चपलेची किंमत ३,००० रुपये. त्या वेळच्या ५० टक्के दरानं कर झाला १,५००. हा कर मालाच्या किमतीवर आहे, परदेशी पाठवणीच्या खर्चावर नाही. इथंच बरीच पोरं चुकतात. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून 'पाठवणी मोफत' लिहितात आणि चपलेची किंमत ४,५०० लावतात. मग कागदावर मालाची किंमत ४,५०० दिसते आणि कर होतो २,२५०. म्हणजे पोस्टाच्या तिकिटावरही आपणच कर भरतो. चप्पल ३,०००, पाठवणी १,५०० असं बिलात वेगळं दाखवलं की ७५० रुपये सरळ वाचतात. यात लबाडी काही नाही. जे खरं आहे तेच वेगवेगळं लिहायचं. फक्त दुकानावर, बिलावर आणि पोस्टाच्या कागदावर आकडा एकच पाहिजे.

पार्सलाच्या कागदावर वस्तूचं वर्णन आणि कोड लिहावा लागतो, तो अंदाजानं टाकू नये. चामड्याचा तळ आणि वर पंजावरून व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे, अशा पादत्राणांना आंतरराष्ट्रीय यादीत ६४०३.२० हा स्वतंत्र कोड आहे. आपल्या कोल्हापुरीचंच वर्णन आहे ते! तरी कितीतरी पार्सलांवर नुसतं 'फॅन्सी शूज' लिहिलेलं असतं. वर्णन मोघम असलं की पार्सल तपासणीला अडकतं, उशीर होतो आणि तक्रार येते.

प्रत्येक देशाचा काटा वेगळा

अमेरिकेचा नियम पाठ झाला म्हणजे सगळं झालं असं नाही.

ब्रिटन : १३५ पौंडांच्या आतल्या मालावर जकात नाही, पण २० टक्के व्हॅट आहे आणि तो विक्रीच्या वेळीच घ्यायचा असा नियम १ जानेवारी २०२१ पासून आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकलं तर तो बाजारच गिऱ्हाइकाकडून व्हॅट घेऊन भरतो. स्वतःच्या वेबसाइटवर विकणाऱ्याला मात्र तिथं नोंदणी करावी लागते. ती न करता पाठवलं तर पार्सल तिथं अडकू शकतं, टपालवाले गिऱ्हाइकाकडून व्हॅट आणि वर ८ पौंडांचा हाताळणी आकार मागू शकतात. २५ पौंडांच्या चपलेवर ५ पौंड कर आणि ८ पौंड आकार. करापेक्षा आकार मोठा! तिथल्या गिऱ्हाइकाच्या रागाचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. लहान विक्रेत्यानं ब्रिटनसाठी व्हॅट घेणाऱ्या बाजारावरच विकलेलं बरं.

युरोपीय संघ : १ जुलै २०२१ पासून कितीही स्वस्त वस्तू असली तरी व्हॅट लागतो. १५० युरोच्या आत २०२५ मध्ये जकात नव्हती. पण तीही सवलत काढायचं ठरलं. या लहान पार्सलांतल्या वस्तूंवर १ जुलै २०२६ पासून ३ युरोची ठरावीक जकात लावायचं तिथल्या अर्थमंत्र्यांनी २०२५ च्या डिसेंबरात ठरवलं. म्हणजे जर्मनी-फ्रान्सच्या गिऱ्हाइकांकडून नव्या तक्रारी येणार हे धरून चाला.

ऑस्ट्रेलिया : १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जकात नाही. १० टक्के जीएसटी आहे, पण तो मोठे ऑनलाइन बाजार आणि वर्षाला ७५,००० डॉलरच्या वर तिथं विकणारे घेतात. घरगुती विक्रेत्याला सध्या सगळ्यात कमी कटकटीचा देश हाच.

हे दर बाजारभावासारखे बदलतात. काल गुळाला काय भाव होता हे आज सांगून उपयोग नसतो. म्हणून बुकिंगच्या दिवशी पोस्टात किंवा कुरिअरकडं आजचा दर विचारायचा. दुकानाच्या पानावर आकडा लिहिला असेल तर त्याच्यासोबत तारीखही लिहायची.

'बॉक्सवर गिफ्ट लिहा की'

ही मागणी बऱ्याचदा गिऱ्हाईकच करतो. "किंमत दहा डॉलर लिहा", "भेटवस्तू लिहा", "सगळे असंच करतात."

भेट आणि विक्री यात फरक आहे. आईनं पुण्यातल्यासारखाच शिकागोतल्या लेकाला दिवाळीचा फराळ पाठवला, तर ती खरी भेट. अमेरिकेत १०० डॉलरपर्यंतच्या अशा भेटीला जकात नाही, ब्रिटनमध्ये ही मर्यादा ३९ पौंड आहे. पण ज्याचे पैसे आपल्या खात्यात आलेत ती वस्तू भेट होत नाही, बॉक्सवर काहीही लिहा.

खोटं लिहिलं तर तीन बाजूंनी अडकायला होतं. तिथं पार्सल उघडलं तर माल जप्त होऊ शकतो आणि दंडही लागतो. पार्सल हरवलं तर भरपाई मागताना कागदावरच्या दहा डॉलरपलीकडं बोलताच येत नाही. आणि इकडं बँकेत आलेली रक्कम व निर्यातीच्या कागदावरची किंमत जुळत नाही, त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. फायदा गिऱ्हाइकाचा, सही आपली.

काही जण सुचवतात की दुबईतल्या पाव्हण्याकडं माल पाठवू, तो पुढं अमेरिकेला टाकेल. चप्पल कापशीत बनलीय, ती दुबईतनं गेली म्हणून दुबईची होत नाही. कर माल कुठं तयार झाला त्यावर बसतो.

गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगायचं : "खरी किंमत लिहिणं मला कायद्यानं बंधनकारक आहे. पण कर किती लागेल ते मी आधी सांगतो, मग तुम्ही ठरवा." नव्वद टक्के माणसं एवढ्यावर शांत होतील असा दावा मी करत नाही. पण जो यावरही ऐकत नाही, ती ऑर्डर सोडलेलीच बरी.

तक्रार आलीच तर

एवढं करूनही तक्रार येणारच. तेव्हा काय करायचं, ते चुका करून शिकलेल्या दोन-तीन विक्रेत्यांशी बोलून लिहितोय.

पहिलं म्हणजे त्याच दिवशी उत्तर द्या. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडं रात्र, त्यामुळं झोपायच्या आधी एकदा आणि उठल्यावर एकदा मेसेज बघायची सवय लावा. उशीर झाला की गिऱ्हाईक कार्ड कंपनीकडं तक्रार टाकून पैसे अडकवतो.

दुसरं, बिलाचा फोटो मागवा. त्यात कर किती आणि कंपनीचा आकार किती ते वेगळं बघा. आपण पोस्टात कर आधीच भरला असेल आणि तरी कुणी मागत असेल, तर आपल्याकडची पावती गिऱ्हाइकाला पाठवा. दुबार मागणी पावती दाखवल्याशिवाय सुटत नाही. म्हणून पावतीचा फोटो बुकिंग झाल्या झाल्या काढून ठेवायचा. पावतीवरची शाई महिन्यात पुसट होते.

तिसरं, बिल खरंच कुरिअरचं आहे का ते तपासायला सांगा. 'पार्सल अडकलंय, इथं दाबून शुल्क भरा' असे खोटे मेसेज परदेशातही येतात. पार्सल नंबर कंपनीच्या मूळ वेबसाइटवर टाकून बघितल्याशिवाय पैसे भरू नका, हे गिऱ्हाइकाला आपणच सांगितलं तर त्याचा विश्वास वाढतो.

चौथं, चूक आपली असेल तर ती मान्य करा. कर लागेल हे आपण कुठंच लिहिलं नव्हतं, तर निम्मा भार उचलायची तयारी दाखवा. पार्सल नाकारलं गेलं तर होणारं नुकसान त्याहून मोठं असतं. पण आपण लिहिलं होतं आणि गिऱ्हाइकानं वाचलं नाही, तर तो मजकूर दाखवून ठाम राहा. प्रत्येकाला पैसे परत करत बसलं तर धंदा उरणार नाही.

पाचवं, पार्सल पोचलं नाही किंवा नाकारलं तर परत आणायचं की सोडून द्यायचं, हे बुकिंगच्या कागदावर आधीच ठरवून लिहा. परत आणणार असाल तर निर्यातीचा कागद जपून ठेवा. तो नसला तर आपल्याच चपलेवर आपल्याच देशात आयात कर भरायची पाळी येऊ शकते. आणि अमेरिकेत एकदा भरलेला कर सहज परत मिळेल या भरवशावर राहू नका.

शेवटी बोजा कुणावर?

या सगळ्यात एक माणूस दिसत नाही, तो म्हणजे कारागीर. वाढलेला कर गिऱ्हाईक भरत नाही, विक्रेत्याला परवडत नाही, मग विक्रेता मागं वळून म्हणतो, "जोडीमागं पन्नास रुपये कमी घ्या." अमेरिकेतला कर असा कापशीच्या मजुरीतनं वसूल होतो. चामडं स्वस्त होत नाही, खिळा-दोरा स्वस्त होत नाही, कमी होते ती फक्त मजुरी. ज्या विक्रेत्यानं कर आधी सांगितला नाही आणि नंतर स्वतःच्या खिशातनं भरला, तोच पुढच्या खेपेला कारागिराचा दर पाडतो. म्हणून दर उघड लिहिणं ही फक्त गिऱ्हाइकाची सोय नाही.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. डिसेंबरात त्याच कंपनीनं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्या चपलेची किंमत ८०० युरोच्या आसपास असणार असं तेव्हा सांगितलं गेलं. तेवढी किंमत देणाऱ्या गिऱ्हाइकाला कराचं काही वाटणार नाही. कंपनीकडं कागद करायला माणसं आहेत. आमच्या पोरांकडं एक मोबाईल आहे आणि जवळचं पोस्ट.

डाकघर निर्यात केंद्रं सरकारनं काढलीत, ही चांगली गोष्ट. पण तिथं कोणत्या देशाला आज किती कर, हे मराठीत लिहिलेला एक फलक लावायला काय हरकत आहे? बाजार समितीत रोज भाव लिहिला जातोच की. चर्मोद्योग महामंडळानं वर्षात दोन दिवस तालुक्याच्या ठिकाणी येऊन कोड, बिल आणि कराचे कागद कसे करायचे एवढं शिकवलं तरी कितीतरी जोड परत यायचे वाचतील.

आमच्या गल्लीतल्या पोरानं दिवाळीनंतर अमेरिकेच्या ऑर्डरी पुन्हा सुरू केल्या. त्याच्या दुकानाच्या पानावर आता सगळ्यात वर तीन ओळी आहेत : चपलेची किंमत इतकी, पाठवणी इतकी, अमेरिकेचा कर इतका, कर मी इथं भरून पाठवतो, दारात काही द्यावं लागणार नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला तेव्हा विचारलं, काय म्हणतोय धंदा?

"ऑर्डरी निम्म्यानं कमी झाल्या, काका. कर बघून लोक मागं जातात. पण दिवाळीपासून एक बी तक्रार नाही."

"मग परवडतंय का?"

"ऑर्डर आली नाही तर चप्पल घरातच राहती की. ती उद्या दुसऱ्याला विकता येती."